आतलं एक दार

बोपोडी, पुणे
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. हिरास,

सप्रेम जय भीम, आणि थोरला म्हणून आशीर्वादही.

ताटलीवर पळीचे दोन ठोके. टण्, टण्. आज सकाळी दाढी करताना ऐकू आले. शेजारी कोणी भांडी विसळत असेल, पण माझा हात गालावरच थांबला. आपलं खडकीचं क्वार्टर डोळ्यांपुढे असं उभं राहिलं की अर्धा गाल साबणाचा तसाच घेऊन मी खुर्चीवर येऊन बसलो. तुझी वहिनी म्हणाली, "एक बाजू तरी पुरी करा, मग स्वप्नं बघा."

तुला आठवत असेलच. मोरीला दार नव्हतं, आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. कोणी अंघोळीला गेलं की बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. आतलं माणूस कपडे घालून बाहेर आलं की आई पळीने ताटलीवर दोन ठोके द्यायची आणि आपण सगळे कवायतीसारखे एकदम वळायचो. एवढ्या माणसांची एक खोली, पण कोणाची लाज कोणी पाहिली नाही.

आणि आबांचा तो दुसरा नियम: भिंतीकडे तोंड करून अभ्यासाला बसलेलं पोर घरात नाही. त्याला हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी मामा आले होते, "बाबू कुठाय?" म्हणून विचारत. आबा म्हणाले, "घरात नाही." मी दोन हातांवर बसलेलो. मामा म्हणाले, "मग ही पाठ कोणाची?" आबा शांतपणे म्हणाले, "पाठ घरात आहे. पोरगा परीक्षेला गेलाय."

त्या भिंतीच्या पोपड्यांत मी काय काय पाहिलं, हिरा. पुस्तकात नदीची कविता असली की एक पोपडा नदी व्हायचा. डोंगराची असली की तोच डोंगर. फॅक्टरीच्या ऑफिसात कारकुनी करत आयुष्य गेलं, पण शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ आहेत, त्या सगळ्या त्या भिंतीवर वाचलेल्या. मोठं घर असतं तर एवढं पाठ झालं असतं का, शंका आहे.

आता हे सगळं आज का लिहितो आहे ते सांगतो. आमच्या महापालिकेत एक नवा वाद चालू आहे. नव्या इमारतींत सगळ्यात लहान घर केवढं असावं, याचा नियम बदलायचा घाटतंय. आजवर तीनशे चौरस फुटांच्या खाली जाता येत नव्हतं. आता दोनशेपर्यंत परवानगी द्यावी, म्हणजे एक खोली, तिच्यातच ओटा आणि बाजूला न्हाणीघर, असा प्रस्ताव आहे. एक बाजू म्हणते, लहान घरं स्वस्त होतील, गरिबाला घर मिळेल. दुसरी म्हणते, एकदा दोनशेला हो म्हटलं की गरिबाला दोनशेच मिळत राहतील. लोकांनी येऊन आपलं म्हणणं मांडावं अशी जाहीर सुनावणी ठेवली आहे.

आणि आपली मैत्री, माझी नात, तिचा सगळा जीव यात अडकला आहे. ती खराडीच्या एका कंपनीत रात्रपाळी करते. सकाळी दमून येते आणि आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते. आतली खोली तिच्या आईबापांची, अभय-अस्मिताची. मैत्री झोपली की आम्ही दोघं म्हातारे कुजबुजत बोलतो, पण बेल कुजबुजत नाही, कुकर कुजबुजत नाही. पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलंय. खराडीच्या पलीकडे लहान घरांची एक इमारत व्हायची आहे, तीही हा नियम झाला तरच. तिथलं घर तिच्या पगारात बसतं. तीनशे फुटांचं बसत नाही. "आजोबा, दोनशे फूट, पण किल्ली माझी," असं ती म्हणते तेव्हा मला तिच्यात आपल्या आबांची हनुवटी दिसते.

तिनेच माझ्या नावाने बोलण्याचा अर्ज केला. म्हणाली, "तुम्ही एवढी माणसं एका खोलीत आनंदाने राहिलात. ते तसंच सांगा. तुमच्यासारखं कोणाला सांगता येणार?" मी भाषण लिहिलंय. लहान कवितेत जसं मोठं काही मावतं, तसं लहान घरातही मावतं, असा शेवट आहे. तुझ्या वहिनीला म्हणून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "छान म्हणता."

सुनावणीला येणार का विचारलं तर म्हणाली, "येईन. तुमचा डबा कोण धरणार?"

तुला काही वेगळं आठवत असेल तर लगेच कळव. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा कागदच बरा. नागपुरात थंडी पडली असेल. गुडघ्याला ऊब दे.

तुझा,
दादा


बोपोडी, पुणे
शनिवार, १३ डिसेंबर २०२५

चि. हिरास,

सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळालं. चारच ओळी. "दादा, तुला खोली आठवते. मला तिच्यातली गर्दी आठवते. तुझं भाषण चांगलंच होईल. गुडघा तसाच आहे." मी मैत्रीला वाचून दाखवलं आणि आम्ही हसलो. तुझी आत्याआजी पहिल्यापासून तिरकस, असं मी तिला म्हणालो. तुझी वहिनी हसली नव्हती, हे मला आता आठवतंय.

इकडे सगळे ठीक. हवा कोरडी आहे. सकाळी चहा मीच केला, आलं जास्त झालं. घर शांत आहे, त्यामुळे लिहायला बरं पडतंय.

सुनावणीचं सांगतो. सभागृह मोठं होतं, छतही उंच. लहान घरांची चर्चा करायला एवढी मोठी जागा लागते याची मला गंमत वाटली. पुढे टेबलाशी समितीची माणसं. एका कडेला नागोराव म्हणून इंजिनिअर, पन्नाशीचे, वेळ सांभाळायचं आणि लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे. बोलणारा लांबला की ते पेनाने पाण्याचा ग्लास वाजवत. मोठ्या शिस्तीचा आणि कमी शब्दांचा माणूस. एका वक्त्याने "मी थोडक्यात सांगतो" म्हटल्यावर हे म्हणाले, "तेवढंच सांगा."

माझं भाषण झालं. खोटं कशाला बोलू, उत्तम झालं. ठोक्यांचं सांगितलं, मामांचं सांगितलं, लोक खळखळून हसले. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. एक तरुण आर्किटेक्ट उठून म्हणाला की दाराशिवाय एकमेकांना जपणं हीच आपली संस्कृती, आणि अशा घरांतूनच माणसं घडतात. मैत्रीने माझा हात दाबला. तिचा चेहरा असा उजळला होता की तिथेच किल्ली मिळाली असं वाटावं.

मग मागच्या रांगेत कोणी तरी उभं राहिलं. मी वळून पाहिलं तर तुझी वहिनी. हातात माझा डबा.

नागोराव म्हणाले, "बाई, आपलं नाव यादीत आहे का?"

ती म्हणाली, "नाही. त्या खोलीच्या कागदावरही नव्हतं. राहिले मात्र लग्न झाल्यापासून यांच्या बदलीपर्यंत."

कोणी तरी हसलं. नागोरावांनी पेन उचललं, पण ग्लास वाजवला नाही.

हिरा, शाळेत मला कविता एकदा ऐकून पाठ व्हायची. म्हातारपणी ती शक्ती गेली असं मी समजत होतो. पण कांता जे बोलली ते पुढे कोणी न विचारता माझ्या तोंडी बसलं आहे. तिच्या शब्दांत जसंच्या तसं उतरवतो.

"यांनी सांगितलं ते खरं आहे. ठोके वाजायचे. सासूबाई थकल्यावर पळी माझ्या हातात आली. सगळ्यांसाठी मी वाजवले. मी मोरीत गेले की ठोके द्यायला बाहेर कोणी नसायचं, म्हणून सगळे उठायच्या आत मी आटपून घ्यायची. थंडीतही. त्याचं दुःख नाही, सगळ्याच बायका तसं करत. पण यांनी दुसरा नियम सांगितला ना, भिंतीकडे तोंड केलेला माणूस घरात नाही असं धरायचं. तो फार चांगला नियम होता. त्याच्यावर माझे दीर शिकले, नणंद शिकली. मला एवढंच सांगायचंय की त्या घरात भिंतीकडे तोंड करून सगळ्यात जास्त मी बसले. चूल भिंतीलाच होती. भाकरी थापताना पाठच असायची माझी सगळ्यांकडे. आणि मी घरात नाही असं कोणी एक दिवस धरलं नाही. पाणी दे, बटण लाव, पोरगं रडतंय बघ. मी वळायची."

मग ती म्हणाली, "दोनशे फूट ठेवा नाही तर तीनशे, मला फुटांतलं कळत नाही. पण आत एक दार पाहिजे. लावून घेता येईल असं. न्हाणीघराचं त्यात धरू नका."

नागोरावांनी विचारलं, "म्हणजे ही आपली हरकत समजायची की सूचना?"

"तुमच्याकडे दोनच रकाने असतील तर दोन्हीकडे लिहा," असं म्हणून ती खाली बसली आणि डबा मांडीवर घेतला.

टाळ्या पडल्या नाहीत. पण तिच्यानंतर यादीत नसलेल्या आणखी बायका उभ्या राहिल्या. एकीने सांगितलं की लेक वयात आल्यावर नवऱ्याला जिन्यात झोपायला लावलं. एक नुसतीच म्हणाली, "त्या बोलल्या तेच." समितीने त्या दिवशी निर्णय घेतला नाही. पुन्हा विचार करून अहवाल करू म्हणाले.

मी काय करत होतो? मी तिच्याकडे पाहत होतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिने माझ्या कविता पोळ्या लाटता लाटता ऐकल्या, एकदाही म्हटलं नाही की माझंही काही ऐका. आणि बोलली ती अशी, एक शब्द इकडचा तिकडे करता येऊ नये. आमचे मराठीचे गुरुजी सांगायचे, ओळ कितीही लहान असू दे, तिच्यात मध्ये श्वासाला जागा सोडावी लागते. तिला यती म्हणतात. ती नसली की अक्षरं बरोबर भरतात आणि तरी म्हणणाऱ्याचा जीव गुदमरतो. मी लहान कवितेचं कौतुक सांगून खाली बसलो, आणि यती कुठे आहे हे जिने कधी शाळेत वृत्तं मोजली नाहीत तिने दाखवलं. मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. पुढचं सांगताना तो अभिमान जरा आवरावा लागतो.

परतीच्या बसमध्ये मैत्री आमच्या पुढच्या सीटवर बसली होती. बराच वेळ ती खिडकीतून बाहेर बघत होती. शिवाजीनगर गेल्यावर मागे वळली. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"आजी, दार असलेलं घर मला परवडत नाही. बिनदाराचं परवडत होतं. तू तेही घालवलंस."

कांता म्हणाली, "मी खोटं बोलले का?"

"नाही. म्हणून तर."

एवढंच. हिरा, मी दोघींच्या मध्ये सापडून विचार करत होतो, मैत्रीचं काय चुकलं? तिला राजवाडा नको आहे. दिवसा झोपता येईल अशी चार भिंतींची जागा हवी आहे, आणि तिच्याएवढ्या वयाच्या हजारो पोरी हिंजवडीला आणि खराडीला एकेका कॉटवर दिवस काढताहेत. त्यांना दोनशे फूट म्हणजे मोकळं रान. आणि कांताचंही काय चुकलं? आज एकटी राहणारी पोरगी उद्या दुकटी होते, मग तिघं होतात, आणि घर दोनशेच राहतं. दोघींचंही खरं आहे. ही दोन्ही खरी एकाच नियमात बसवायला मला सांगितलं तर मी कागद कोरा देईन.

दुसऱ्या दिवशी मैत्रीने बॅग भरली. खराडी गावात एका जुन्या इमारतीत दोनशे फुटांचीच भाड्याची खोली पाहिली होती, तिथे गेली. अभय रागावला, अस्मिता रडली. मैत्री मला म्हणाली, "आजोबा, मी भांडून चालले नाही. झोपायला चालले आहे."

सहा डिसेंबरला ती येईल असं वाटलं होतं. वंदनेला आपल्या घरात कोणी गैरहजर राहिलेलं मला आठवत नाही. मेणबत्त्या लावल्या, कांताने बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, आणि वंदना म्हणताना तिचा आवाज एका जागी थांबला. मी पुढे म्हणत राहिलो. म्हणून ती थांबली ते बाकी कोणाला कळलं नसावं.

सात तारखेला सकाळी पाहतो तर कांताने सतरंजी गुंडाळली होती, पिशवीत दोन लुगडी आणि चकलीचा डबा. म्हणाली, "मी बोलून आले दोनशे फुटांविरुद्ध. आता जरा राहून बघते."

"मैत्री दार उघडेल का?" मी विचारलं.

"नाही उघडलं तर बाहेर बसेन. बसायची सवय आहे."

तेव्हा आता तुझ्या ध्यानात आलं असेल, चहात आलं का जास्त झालं ते. अभय-अस्मिता कामावर जातात आणि दिवसभर मी एकटा असतो. बाहेरची खोली अख्खी माझी आहे. मोठ्याने कविता म्हणाव्यात एवढी जागा आहे. म्हणवत नाहीत.

परवा मैत्रीचा फोन आला. म्हणाली, "आजोबा, आजीला काही तरी सांगा. मी सकाळी येऊन झोपले की ती खुर्ची उचलते आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसते. दार ओढून घेते. दुपारी उठून बघते तर तिथेच, उन्हात. मी म्हटलं, आत बस ना, मला चालतं. तर म्हणते, मी आत बसले तर ती तुझी खोली कशी राहील?"

मी विचारलं, "तू काय म्हणालीस?"

तिने फोन ठेवला नाही. मागे रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते आणि आम्ही दोघं तसेच धरून उभे होतो.

मग कांताने फोन घेतला. मी विचारलं, "कशी आहे जागा?"

"एकीला चांगली आहे. पोरगी म्हणत होती ते खोटं नव्हतं. एकीला फार चांगली आहे," ती म्हणाली. "दोघींना कशी आहे ते तिला विचारू नका, तिच्या तोंडून यायचं तेव्हा येईल. तुम्ही जेवलात का?"

तिच्या त्या "खोटं नव्हतं"चं मला केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू. भर सभेत बोललेलं बाई मागे घेत नाही, आणि समोरचीचं खरं असेल तर तेही झाकत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि बेल वाजली.

मला वाटलं, कांता परत आली. काय बोलायचं ते दारापर्यंत जाता जाता जुळवलं. उघडून पाहतो तर हातात हेल्मेट धरून नागोराव उभे. तेच, पेनाने ग्लास वाजवणारे. पुण्यात महापालिकेचं माणूस न बोलावता दारात आलं की आपण आधी मनातल्या मनात घरपट्टी भरल्याची खात्री करतो. मीही केली.

"कांताबाई आहेत का?" त्यांनी विचारलं. "पत्ता तुमच्या अर्जावरून घेतला. मी ऑफिसतर्फे आलो नाही, आज सुट्टी आहे."

आत बसवलं. म्हणाले, "अहवालाचा मसुदा माझ्याकडे आहे. दोनशे फुटांचे नकाशे तपासतो मी. पलंग काढलेला असतो, कपाट असतं, कुंडीसुद्धा असते. माणूस कुठेच काढलेलं नसतं. त्या दिवसापासून एका नकाशावर दार काढायचा प्रयत्न करतोय. दोनशेत बसवलं की ओटा जातो, ओटा ठेवला की हवा जाते. थोडं वाढवलं तर बसेल, पण किंमत किती चढू द्यायची, ते कळत नाही. बाईंना विचारावं म्हटलं, दार नेमकं कुठे हवं."

मी म्हणालो, "ती इथे नाही. खराडीला आहे. नातीच्या खोलीत."

"केवढी आहे खोली?"

"तुमच्या नव्या नियमातली. दोनशेची."

"आत दोघी राहतात?"

"या वेळेला आत एक असेल," मी म्हणालो. "एक दाराबाहेर."

त्यांनी हेल्मेट या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मग विचारलं, "मला घेऊन चलाल?"

तर हिरा, ते पाणी पिताहेत आणि मी या शेवटच्या ओळी लिहितो आहे. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायचं आहे. मैत्री रात्रपाळी करून झोपली असेल. गॅलरीत खुर्चीवर कांता असेल आणि ती आम्हाला तोंडावर बोट ठेवून थांबवेल. साहेबांना मी आधीच सांगितलं आहे, पोरगी आपणहून उठून दार उघडेपर्यंत कोणी काही मोजायचं नाही. ते हो म्हणाले.

कांताच्या शेजारी उभा राहायला निघालेला,
तुझा दादा